दांतांची जोपासना : दंतवैद्याच्या दोन भेटींमधील घरचें काम

बैलबाजारांत बैल पाहावयास गेलेला शेतकरी शिंगें पाहतो, खांदा पाहतो, चाल पाहतो. परंतु जनावराचें तोंड उघडून दांत मोजल्यावांचून तो रुमालाखालीं हात घालीत नाहीं. बैल दोनदाती आहे, चारदाती आहे, सहादाती आहे कीं जुळलेला आहे, यावरून त्याचें वय काय व तो पुढें किती वर्षें काम देईल याचा अदमास तो बांधतो. ज्या बैलाचे दांत झिजले त्याला वैरण नीट चावत नाहीं, आणि ज्याला चावत नाहीं तो औताला टिकत नाहीं, हें त्याला कोणी शिकवावें लागत नाहीं. परंतु हाच चतुर शेतकरी आपल्या मुलाचें तोंड वर्षांतून एकदां तरी उजेडांत उघडून पाहतो काय? स्वतःचे दांत किती शाबूत आहेत हें तरी त्याला ठाऊक असतें काय? जनावर थकलें तर दुसरें घेतां येतें. माणसाचा कायमचा दांत गेला म्हणजे त्याच्या जागीं दुसरा उगवत नाहीं. म्हणून या महिन्यांत पीकपाण्याचा विषय थोडा बाजूस ठेवून आम्ही आमच्या वाचकांपुढें हा घरगुती विषय मांडीत आहों.

आमच्यापैकीं पुष्कळांची गांठ दंतवैद्याशीं पडते ती दांत ठणकूं लागल्यावरच. वर्षांतून एकदां दंतवैद्याकडून दांत तपासून घेणें अवश्य आहे, हें आम्ही प्रथमच सांगून ठेवितों. परंतु वर्षाचे उरलेले ३६४ दिवस दांतांचा सांभाळ ज्याचा त्यानेंच करावयाचा असतो. पीक तपासावयास कृषि खात्याचा माणूस एकदां येतो, पण निंदणी-खुरपणी मालकालाच करावी लागते, तसाच हा प्रकार आहे.

दांताची रचना

दांत म्हणजे दगडासारखी निर्जीव वस्तु, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाहीं. बाहेरून जें पांढरें कवच दिसतें त्यास दंतवल्क म्हणतात. मनुष्याच्या शरीरांत याहून कठीण असा दुसरा पदार्थ नाहीं. त्याच्या आंत दंतिनाचा थर असतो, तो कांहींसा मऊ असतो. आणि त्याच्याहि आंत जिवंत गर असून त्यांत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात. दांताचें मूळ जबड्याच्या हाडांत रोंवलेलें असतें व हिरडी त्याच्या बुंध्याशीं गच्च बसलेली असते.

झाडाची साल थोडी सोलली तर कडेनें नवी साल धरूं लागते. दंतवल्काचें तसें नाहीं. एकदां त्याला खड्डा पडला म्हणजे तो आपोआप भरून येत नाहीं. अगदीं आरंभीं, खड्डा पडण्यापूर्वीं, दांतावर खडूसारखा पांढरट डाग दिसतो. त्या अवस्थेंत मात्र योग्य निगा राखल्यास झालेली झीज भरून निघूं शकते. घरच्या काळजीचें खरें महत्त्व येथेंच आहे.

दांत कां किडतो

डच संशोधक लीवेनहूक यानें १६८३ सालीं आपल्याच दांतांवरचा मळ सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं धरला, तेव्हां त्यांत वळवळणारे असंख्य सूक्ष्म जीव त्यास दिसले. पुढें १८९० सालीं बर्लिन येथें काम करणाऱ्या मिलर नांवाच्या अमेरिकन दंतशास्त्रज्ञानें असें मांडलें कीं, तोंडांतील सूक्ष्म जंतू साखर व पिष्ट पदार्थ आंबवून आम्ल तयार करितात व तें आम्ल दांत पोखरतें. त्यानंतरच्या संशोधनानें या विचारांत भर पडली, परंतु त्याचा गाभा आजहि कायम आहे.

मातीपरीक्षणाच्या पत्रिकेवर ‘सामू’ हा शब्द आमच्या वाचकांनीं पाहिलेलाच आहे. जमिनीप्रमाणें तोंडालाहि सामू असतो. आपण गोड कांहीं खाल्लें कीं थोड्याच मिनिटांत दांतांवरील चिकट थरांतील जंतू आम्ल सोडतात व तेथील सामू उतरतो. तो सुमारें ५.५ च्या खालीं गेला म्हणजे दंतवल्कांतील कॅल्शियम व फॉस्फेट विरघळूं लागतात. लाळ हें आम्ल हळूहळू मारिते व गेलेली खनिजें कांहीं अंशीं परत आणून बसविते; परंतु या कामास सुमारें अर्धा तास, केव्हां त्याहूनहि अधिक वेळ लागतो. यावरून एक गोष्ट सहज ध्यानांत येईल. दिवसाकांठीं गोड किती खाल्लें, यापेक्षां किती वेळां खाल्लें, याला दांतांच्या दृष्टीनें अधिक महत्त्व आहे. जेवणाबरोबर एकदां गुळाचा खडा खाल्ला तर लाळ त्याचा निकाल लावते. पण दर तासाला गोड चहा, मध्येंच बिस्किट, मध्येंच गोळी असा क्रम चालला तर दांत दिवसभर आम्लांत भिजत राहतात.

‘दांताला कीड लागली’ असें आपण म्हणतों, म्हणून दांतांत खरोखरच अळी असते असा समज खेडोपाडीं आहे. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन त्या अळ्या ‘पाडून’ दाखविणारे लोकहि असतात. बी तापून फुटलें म्हणजे त्यांतील वळलेला कोंब बाहेर येतो, तो अळीसारखा दिसतो. दांतांतून कांहींच पडलेलें नसतें. या धुरीवर विसंबून जो वेळ जातो त्या वेळांत पोकळी मात्र गरापर्यंत पोंचते.

एक अनुभव

आमच्या परिचयाच्या एका शेतकऱ्याची गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. त्याची एक दाढ दोन वर्षें अधूनमधून ठणकत असे. ठणका लागला कीं तो लवंग धरी, ठणका थांबला कीं विसरून जाई. पुढें एकदां ठणका आपोआप कायमचा बंद झाला, तेव्हां दुखणें गेलें असें समजून तो निर्धास्त झाला. वस्तुतः दाढेंतील गर मेला होता, म्हणून वेदना थांबली होती. विकार मुळाशीं जाऊन बसला होता. ऐन ज्वारीच्या काढणींत त्याचा गाल सुजला, ताप भरला, तोंड उघडेना. त्यास जिल्ह्याच्या ठिकाणीं रुग्णालयांत राहावें लागलें. इकडे कणसें शेतांत राहिलीं आणि अवकाळी पावसांत काळीं पडलीं. दाढ तर काढावी लागलीच. प्रथम जेव्हां दुखली तेव्हांच दाखविली असती तर एका बैठकींत ती भरून मिळाली असती, असें दंतवैद्यानें सांगितलें. दुखणें थांबणें म्हणजे बरें होणें नव्हे, हें या गोष्टीवरून आमच्या वाचकांनीं ध्यानीं धरावें.

दांत घांसण्याची रीत

(१) दांत दिवसांतून दोनदां घांसावे. एकदां सकाळीं व एकदां रात्रीं निजण्यापूर्वीं. दोहोंपैकीं रात्रींचें घांसणें अधिक महत्त्वाचें. झोपेंत लाळ फार कमी सुटते, त्यामुळें दांतांत राहिलेलें अन्न व जंतू यांना रात्रभर मोकळें रान मिळतें. रात्रीं दांत घांसल्यावर पाण्याखेरीज कांहीं घेऊं नये.

(२) ब्रश मऊ केसांचा असावा. केस हिरडीच्या कडेशीं तिरपे धरून लहान लहान वर्तुळें काढीत हलक्या हातानें घांसावें. बाहेरची बाजू, आंतली बाजू व चावण्याची बाजू अशा तीन्ही बाजू घ्याव्या. यास सुमारें दोन मिनिटें लागतात. करवतीसारखा आडवा जोर लावल्यानें हिरड्या मागें सरतात व मुळाशीं खांचा पडतात. ब्रशचे केस फांकले म्हणजे, किंवा तीन-चार महिन्यांनीं, तो बदलावा. एकाचा ब्रश दुसऱ्यानें वापरूं नये.

(३) पेस्ट फ्लोराइडयुक्त असावी. फ्लोराइडमुळें दंतवल्क आम्लास अधिक दाद देत नाहीं. घांसून झाल्यावर फेंस थुंकून टाकावा. भरभरून चुळा भरूं नयेत, म्हणजे फ्लोराइडचा अंश दांतांवर राहतो.

(४) दोन दांतांच्या फटींत ब्रश पोंचत नाहीं. तेथें दांतांचा मेणलेला दोरा किंवा फटींचा बारीक ब्रश वापरावा. बाभळीचा कांटा, टांचणी, सेफ्टी पिन यांनीं दांत कोरण्याची खोड वाईट आहे. तिनें हिरडीस जखम होते.

(५) चिंच, कैरी, लिंबू असें आंबट खाल्ल्यावर लगेच दांत घांसूं नयेत. आम्लानें कवच त्या वेळीं मऊ झालेलें असतें. साध्या पाण्यानें चूळ भरावी व अर्ध्या तासानें घांसावें.

दांतवण, राखुंडी व मंजन

कडुनिंब, बाभूळ व करंज यांचीं दांतवणें आपल्याकडे पूर्वापार चालत आलीं आहेत. त्यांचा आम्ही अनादर करीत नाहीं. ताजी कोंवळी काडी चावून तिचा मऊ कुंचला केला व तो सावकाश फिरविला तर दांतांवरील थर बराच निघतो. मात्र काडीनें मागील दाढांच्या आंतल्या बाजू नीट साफ होत नाहींत, आणि तिच्यांत पेस्टमधील फ्लोराइड नसतें. ज्यास दांतवण प्रिय आहे त्यानें तें सकाळीं खुशाल करावें, पण रात्रीं ब्रश व पेस्ट वापरावी.

राखुंडी, कोळशाची पूड, विटकरीची भुकटी व जाडें मीठ यांची गोष्ट निराळी आहे. यांनीं दांत पांढरे दिसतात खरे, पण ते घासले जाऊन दिसतात. कानसीनें लोखंडहि चकाकतें. परंतु रोज कानस मारली तर तें उरत नाहीं. वर्षानुवर्षें अशा पुडीनें घांसलेल्या दांतांचें कवच झिजतें, आंतील पिवळसर थर उघडा पडतो व गार पाणी लागतांच शिणक येते.

मिसरी

येथें आम्हांस विशेषतः आमच्या मायभगिनींशीं स्पष्ट बोलणें प्राप्त आहे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून व कुटून केलेली मिसरी पुष्कळ घरांत दांत घांसण्याच्या नांवाखालीं वापरली जाते. दांत दुखूं नयेत म्हणून तिची सुरुवात होते, आणि थोड्याच दिवसांत ती लावल्यावांचून चैन पडेनासें होतें. कारण तंबाखूंतील निकोटिन तोंडाच्या त्वचेंतून रक्तांत जातें. मिसरीनें दांत साफ होत नाहींत. तिनें ते काळे पडतात, हिरड्या झिजतात, आणि तोंडाच्या कर्करोगाचें भय उत्पन्न होतें. भारत सरकारनें १९९२ सालीं दंतमंजनांत व पेस्टमध्यें तंबाखू घालण्यास बंदी केली; परंतु घरच्या तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मिसरीला कोणता कायदा अडविणार? तें काम घरच्यांनींच करावयाचें आहे. तपकीर, गुटखा, तंबाखू-चुना यांसहि हेंच लागू आहे. नुसती सुपारीहि निर्दोष नाहीं. सुपारीच्या सततच्या संवयीनें गालाची आंतली त्वचा राठ होत जाते व तोंड उघडणें कमी कमी होत जातें. हीहि पुढें कर्करोगाकडे नेऊं शकणारी अवस्था आहे.

ज्यांना अशी संवय आहे किंवा पूर्वीं होती, त्यांनीं महिन्यांतून एकदां आरशासमोर उजेडांत आपलें तोंड पाहावें. पांढरा किंवा लाल चट्टा, गांठ, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तिखट न सोसणें, तोंड पूर्वीइतकें न उघडणें, यांपैकीं कांहीं दिसल्यास विलंब न लावितां डॉक्टरांस दाखवावें. हा रोग आरंभीं दुखत नाहीं. न दुखणाऱ्या चट्ट्याचीच अधिक धास्ती धरावी. वेळीं सांपडल्यास तो बरा होण्याचा संभव पुष्कळ असतो.

मुलांचे दांत

दुधाचे दांत २० असतात. ते पडावयाचेच आहेत म्हणून त्यांची निगा कशाला, असा प्रश्न कित्येक आयाबाप करितात. हे दांत खालून येणाऱ्या कायमच्या दांतांची जागा राखून ठेवितात. ते अकालीं गेले तर पुढचे दांत वेडेवांकडे येतात. शिवाय ज्याची दाढ दुखते त्या मुलाचें ना जेवणांत लक्ष, ना शाळेंत.

पहिला दांत दिसतांच घांसण्यास आरंभ करावा. तीन वर्षांच्या आंतील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी व पुढें सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. ती मुलानें गिळूं नये याकडे लक्ष ठेवावें. मूल सात-आठ वर्षांचें होईपर्यंत त्याचे दांत मोठ्या माणसानें स्वतः घांसून द्यावे. गोड दुधाची बाटली तोंडांत देऊन मुलास निजवूं नये. आणि वर्षाच्या आंतील बालकास तर मध चाटवूंच नये, तो त्याच्या जिवास अपायकारक ठरूं शकतो.

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागें एक नवी दाढ येते. तिच्या आधीं कोणताहि दांत पडलेला नसल्यामुळें ती दुधाचीच समजली जाते व तिच्याकडे दुर्लक्ष होतें. ती कायमची दाढ आहे. तिच्या माथ्यावर खोल चिरा असतात व त्यांत अन्न अडकतें, म्हणून तीच लौकर किडते. ज्याच्या घरीं सहा-सात वर्षांचें मूल असेल त्यानें हा अंक खालीं ठेवतांच त्याचें तोंड उघडून ही दाढ पाहावी, अशी आमची विनंति आहे. या चिरा बुजवून टाकण्याचा सोपा उपाय दंतवैद्यांपाशीं असतो.

विहिरीचें पाणी

फ्लोराइड थोडें असतां हितकर, पण अधिक झालें कीं अपायकारक होतें. आपल्या देशांत १९३७ सालीं तेव्हांच्या मद्रास इलाख्यांतील नेल्लोर जिल्ह्यांत पाण्यांतील अतिरिक्त फ्लोराइडचा विकार प्रथम नोंदला गेला. महाराष्ट्रांत यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील कांहीं गांवीं कूपनलिकांच्या पाण्यांत त्याचें प्रमाण अधिक आढळलें आहे. भारतीय मानकाप्रमाणें तें एका लिटरांत १ मिलिग्रॅमपर्यंत इष्ट व दुसरें पाणी नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालणारें मानलें आहे. गांवांतील बऱ्याच मुलांच्या दांतांवर खडूसारखे पट्टे किंवा तपकिरी डाग दिसत असतील तर ती घांसण्याची चूक नव्हे; पाण्याची परीक्षा करवून घ्यावी. पाणी उकळल्यानें फ्लोराइड जात नाहीं. अशा गांवीं लहान मुलांस कोणती पेस्ट द्यावी हें दंतवैद्यास विचारावें.

हिरड्यांतून रक्त येणें

घांसतांना हिरडीतून रक्त आलें कीं लोक घांसणें बंद करितात. हें उलटें होतें. रक्त बहुधा येतें तें सांचलेल्या थरामुळें हिरडी सुजल्यानें. तेथें हलक्या हातानें नीट घांसल्यास बहुशः आठ-पंधरा दिवसांत फरक दिसतो. थर तसाच राहिला तर तो घट्ट होऊन त्याचें कीटण बनतें, आणि मग ब्रशचें कांहीं चालत नाहीं. तें दंतवैद्याकडूनच काढवावें लागतें. कीटण काढल्यानें दांत हलूं लागतात, ही समजूत खोटी आहे. दांत हलतात ते कीटणाखालीं हाड झिजल्यामुळें; कीटणानें तो हलणारा दांत केवळ झांकून ठेवलेला असतो. मधुमेहाच्या रोग्यांत हिरड्यांचा विकार अधिक बळावतो, आणि हिरड्यांचा विकार असल्यास रक्तांतील साखरहि आटोक्यांत राहणें कठीण जातें. गर्भवती स्त्रियांच्या हिरड्यांतूनहि रक्त येण्याचा संभव असतो. त्यांनीं दंतवैद्यास टाळण्याचें कारण नाहीं.

ज्यांनीं कवळी बसविली आहे त्यांनीं ती रोज धुवावी, रात्रीं काढून स्वच्छ पाण्यांत ठेवावी व हिरड्याहि पुसून घ्याव्या.

अडचणीच्या वेळीं

दाढ ठणकूं लागल्यास कोमट मिठाच्या पाण्यानें चुळा भराव्या. लवंगेच्या तेलाचा थेंब कापसावर घेऊन पोकळींत ठेवल्यास कांहीं वेळ आराम पडतो. पण तो आराम दंतवैद्याकडे जाईपर्यंतचा आहे. अॅस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवूं नये. तिनें त्वचा भाजते. घरांत उरलेल्या जंतुनाशक गोळ्या मनानें घेऊं नयेत. गालाची किंवा गळ्याखालची सूज वाढत असेल, ताप असेल, गिळण्यास वा श्वास घेण्यास त्रास होत असेल, तर रात्र असली तरी रुग्णालय गांठावें. तेथें घटकाभराचा उशीरहि धोक्याचा असतो.

बैलाच्या शिंगाचा फटका बसून किंवा पंपाचा दांडा लागून कायमचा दांत समूळ निखळला, तर तो टाकून देऊं नये. त्याच्या मुळास हात न लावितां वरच्या भागास धरून उचलावा, मळला असल्यास दुधानें किंवा पाण्यानें क्षणभर धुवावा व त्याच खांचेंत परत बसवावा. तें न साधल्यास दुधांत ठेवून तत्काळ दंतवैद्याकडे न्यावा. अर्ध्या तासाच्या आंत पोंचल्यास तो जगण्याची आशा चांगली असते. दुधाचा दांत मात्र असा परत बसवूं नये.

समारोप

वर सांगितलेल्या व्यवस्थेस खर्च किती? एक मऊ ब्रश, थोडी पेस्ट, दिवसाची चार-पांच मिनिटें, आणि वर्षांतून एक खेप. कपाशीवर एकदां जी फवारणी करितों तिच्या मानानें हा खर्च कांहींच नाहीं. आमच्या देशांत पहिलें दंतमहाविद्यालय डॉ. आर. अहमद यांनीं १९२० सालीं कलकत्त्यास काढलें, १९३३ सालीं मुंबईस नायर रुग्णालयाचें दंतमहाविद्यालय निघालें आणि १९४८ सालीं दंतवैद्यांचा कायदा झाला. त्या काळाच्या मानानें आज शिकलेला दंतवैद्य तालुक्याच्या गांवींहि भेटूं लागला आहे. आतां उणीव आहे ती आपल्या घरच्या नियमाची.

तेव्हां आमच्या सभासद बंधुभगिनींनीं आज रात्रींपासूनच आरंभ करावा. जेवणें आटोपल्यावर घरांतील सर्वांनीं एकत्र बसून दांत घांसावे. मोठ्यांना पाहून लहान शिकतात. आणि येत्या बाजारच्या दिवशीं बैलाचें तोंड उघडून पाहण्यापूर्वीं आपल्या मुलाचें तोंड पाहून यावें. जो दांत आज राखाल तो म्हातारपणीं भाकरी चावण्यास उपयोगी पडेल.